जंगल कोणाला म्हणावे?

उर्दूत आणि मराठीत सारखेच असणारे शब्द सांगा म्हटले, की आमच्या वर्गातला फळा भरून जातो. जमीन, कायदा, अर्ज, वकील, हुकूम आणि जंगल! मराठीत जंगलाला वन, रान, अरण्य अशीही नावे आहेत. इतक्या ओळखीच्या शब्दाचा अर्थ आणखी काय शिकायचा, असे तुम्हांला वाटेल. पण विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, याच शब्दाच्या अर्थावरून आपल्या जोगेश्वरीच्या शेजारी मोठा वाद झाला. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन हजारांहून अधिक झाडे त्यात गेली. हा वाद काय होता, ते आज पाहू या.

जोगेश्वरी पूर्वेहून जोडरस्त्याने पवईकडे निघालात, की काही वेळाने डाव्या हाताला इमारती विरळ होतात आणि झाडी सुरू होते. हेच आरे. त्याच्या उत्तरेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांपेक्षा थोडे अधिक आहे. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव त्याच उद्यानात आहेत. विहार तलाव भरून वाहू लागला, की ते पाणी मिठी नदीला मिळते. आपली ओशिवरा नदी तर आरेच्या टेकड्यांतूनच निघते आणि गोरेगाव-जोगेश्वरीतून वाहत मालाडच्या खाडीला मिळते. पुष्कळ मुले तिला नाला म्हणतात; पण ती नदी आहे, बरे का! टेकडीवर झाडी असेल तर पावसाचे बरेचसे पाणी मातीत मुरते. टेकडीवर सिमेंट असेल तर तेच पाणी धावत खाली येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणतेही रान जिरवू शकत नाही, हे खरे. पण आपण उताराच्या पायथ्याशी राहतो. वर काय आहे याची काळजी आपल्याला असायलाच हवी.

आरेची जमीन सरकारच्या दुग्धविकास विभागाची आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या वस्तीतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवावेत आणि लोकांना चांगले दूध मिळावे, म्हणून १९४९ साली येथे दुग्धवसाहत सुरू झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी येथे एक रोप लावले. पुढे सुमारे तीन हजार एकरांवर बत्तीस तबेले आणि सोळा हजारांच्या आसपास गुरे झाली. तबेल्यांच्या भोवती गवताची कुरणे होती, झाडी होती, आणि वसाहतीच्या आधीपासून राहणाऱ्या वारली व इतर आदिवासींचे पाडे होते. पाडा म्हणजे लहानशी वस्ती. या झाडीत बिबट्याही फिरतो. आता प्रश्न पाहा. जिथे बिबट्या फिरतो, ते जंगल नव्हे काय? सरकारी कागद म्हणत होते, ‘नाही, ही दूध खात्याची जमीन आहे.’

कागदावरच्या एका शब्दाने एवढा काय फरक पडतो? पुष्कळ पडतो. १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची असेल, तर राज्य सरकारला केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. जमीन जंगल नसेल, तर हा कायदा लागू होत नाही. मग शहरातल्या झाडांसाठी असलेला महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा उरतो. त्यात महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करतात आणि अमुक इतकी झाडे तोडू द्या म्हणतात. म्हणजे जंगल ठरले, तर सबंध जमिनीचा विचार होतो. नाही ठरले, तर झाडांची मोजणी होते. झाडे मोजणे आणि जंगल मोजणे यांत फार अंतर आहे. जंगलात माती असते, वेली असतात, साप, किडे, पाखरे असतात. त्यांचा अर्ज कोणी करत नाही.

या शब्दाचा निकाल एकदा सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. केरळमधील निलंबूरचे टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी निलगिरीच्या जंगलातली झाडे तोडली जाताना पाहिली आणि १९९५ मध्ये न्यायालयात अर्ज केला. १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले, की जंगल या शब्दाचा शब्दकोशात जो अर्थ आहे तोच धरावा. जमिनीचा मालक कोण, हे पाहू नये. शब्दकोश म्हणजे लुगत. भाषेच्या शिक्षकाला यापेक्षा अधिक आनंद देणारा निकाल दुसरा कोणता असणार! पण अशी जंगले कोठे आहेत, ते शोधून त्यांची नोंद करण्याचे काम राज्यांकडे होते. आरेची नोंद जंगल म्हणून झाली नाही. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची व्याप्ती कमी झाली. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन शब्दकोशातला अर्थच तूर्त चालू ठेवायला सांगितले.

जंगल कागदावरून जाते, तसे ते जमिनीवरूनही जाते. कुऱ्हाड दिसते, आवाज करते. वणवा मात्र हळूहळू काम करतो. वणवा म्हणजे रानात पेटलेली आणि पसरत गेलेली आग. आपल्याकडे पावसाळ्यात वाढलेले गवत हिवाळ्यात सुकते. फेब्रुवारीपासून झाडांची पाने गळतात. जमिनीवर सुक्या पाल्याचा थर साचतो. हवा आहे, जळण आहे. कमी असते ती फक्त ठिणगी. ती बहुतेक वेळा माणसाची असते. कोणी विडीचे थोटूक फेकतो, कोणी कचरा पेटवतो. विदर्भात मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पाने यावीत म्हणूनही आग लावतात. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत विजेनेही मोठे वणवे लागतात. आपल्याकडे वीज बहुधा पाऊस घेऊनच येते, त्यामुळे तिच्यावर दोष ढकलता येत नाही.

आपल्या रानातली आग सहसा झाडाच्या शेंड्यापर्यंत जात नाही. ती जमिनीवरून सरकते. मोठे झाड काळे पडते, पण बहुधा जगते. जळतात ती रोपे, बिया आणि जमिनीवरची पाखरांची अंडी. दुसऱ्या दिवशी दुरून पाहणाऱ्याला वाटते, फारसे नुकसान झाले नाही. पण हीच आग दरवर्षी लागत राहिली, तर त्या जागेवर नवे झाड उभेच राहत नाही. जुनी झाडे म्हातारी होऊन पडतात, गवत उरते. मग कोणी तरी विचारतो, ‘येथे जंगल आहेच कुठे?’

३ डिसेंबर २०१८ रोजी संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीजवळच्या टेकडीवर अशीच आग लागली. रात्रभर तिच्या ज्वाळा दुरून दिसत होत्या. अग्निशामक दलाच्या गाड्या चढावर पोहोचणे कठीण होते. आग आटोक्यात यायला दुसरा दिवस उजाडला. कोणी मुद्दाम लावली असावी, असा संशय लोकांनी बोलून दाखवला. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवा. पण मुंबईसारख्या शहरात, जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे असा संशय का येतो, हेही समजून घ्या.

जंगल म्हणून नोंद असली, तर वणव्यापासूनही थोडे रक्षण मिळते. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. उन्हाळ्याआधी वनखात्याची माणसे जाळरेषा काढतात. जाळरेषा म्हणजे गवत-पाला काढून वा आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. आग तिथपर्यंत येते आणि जळण न मिळाल्याने थांबते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आग ओळखून वनखात्याला सूचना पाठवते. शेवटी मात्र ओल्या फांद्या हाती घेऊन आग झोडपणारी माणसेच लागतात.

आता मेट्रोकडे वळू या. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही ३३.५ किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो. तिच्या गाड्या उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला कारशेड हवी. म्हणजे गाड्यांचा तबेलाच म्हणा. ती आरेत बांधायचे ठरले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडायला आणि ४६१ झाडे दुसरीकडे लावायला मंजुरी दिली. शहरात निदर्शने झाली. आरेला जंगल जाहीर करावे, झाडे तोडू नयेत, अशा याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. जेवढी तोडायची होती तेवढी तोडून झाली आहेत, असे सरकारी वकिलांनी त्या दिवशी न्यायालयाला सांगितले.

पुढे सरकारे बदलली, तशी कारशेडची जागाही बदलली. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२० मध्ये ती कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर केले. तेथील जमीन आपली आहे, असे केंद्र सरकार म्हणू लागले आणि उच्च न्यायालयाने काम थांबवले. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांचे सरकार आले व कारशेड पुन्हा आरेत आली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ही मेट्रो धावू लागली, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. जोडरस्त्यावरून तुमच्यापैकी कित्येक जण तिच्यात बसलेही असतील. मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या आणि धूर कमी होतो, हे मेट्रोवाल्यांचे म्हणणे खोटे नाही. पण कारशेडला जागा निवडताना झाडांची जमीन आधी का आठवते, हा प्रश्न मला पडतो. माझ्या मते, ती कागदावर रिकामी दिसते म्हणून.

या भांडणातून एक गोष्ट मात्र निघाली. आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याचे सरकारने ठरवले आणि २०२१ मध्ये तिच्यातला मोठा भाग राष्ट्रीय उद्यानाकडे सोपवला. इतकी वर्षे जे जंगल नव्हते, ते एका आदेशाने जंगल झाले! झाडे तीच, बिबट्याही तोच.

जंगल राखायचे म्हणजे माणसे हटवायची का? हा प्रश्न गरिबांना विचारून पाहा. ७ मे १९९७ रोजी उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणे काढायचा आदेश दिला. हजारो झोपड्या पडल्या. त्यांतील काही कुटुंबांना पुष्कळ वर्षांनी चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली. अनेकांना मिळाली नाहीत. तोडणाऱ्यांपैकी सर्वांत दुबळा माणूस आधी हलतो, असे तेव्हा दिसले.

पाड्यांतल्या आदिवासींची गोष्ट वेगळी आहे. ते कोठून येऊन बसलेले नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा अशा लोकांचा हक्क मानतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे तेथे ग्रामसभा ठरवते. जंगल आपले आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो वणवा लागल्यावर खात्याची गाडी येईपर्यंत वाट पाहत बसत नाही. पण वनहक्काचा दावा करायचा, तर जमीन आधी वनजमीन ठरली पाहिजे. आरेतल्या पाड्यांची अडचण नेमकी हीच होती. पिढ्यान् पिढ्या ते रानात राहत होते, आणि कागद त्यांना सांगत होता, की तुम्ही दुधाच्या वसाहतीत राहता.