काळ्या रानांतील पाणंद कशी टिकेल?

मुलुंड-घाटकोपरकडे राहणाऱ्या आम्हां पुष्कळांच्या वडिलोपार्जित जमिनी घाटावर काळ्या रानांत आहेत. तेथील पाणंदीवर वर्गणी काढून मुरूम टाकावा, आणि दुसऱ्याच पावसाळ्यांत तो चिखलांत गडप व्हावा, हा अनुभव कोणास नवा नाहीं. दोष मुरमास दिला जातो; आमच्या मतें तो टाकण्याच्या रीतीस द्यावयास पाहिजे.

काळ्या मातींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते, व उन्हाळ्यांत तें निघून गेलें कीं आकसून भेगाळते. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण रब्बीच्या पिकांस उपकारकच आहे. परंतु रस्त्याचा पाया दरवर्षीं वर उचलला जाऊन खालीं बसूं लागला, तर वरची खडी किती दिवस टिकणार?

वर दगडांचें ओझें घातलें म्हणजे माती दबून राहील, असा पुष्कळांचा समज आहे. पवईच्या आय. आय. टी.मधील प्रा. आर. के. कट्टी यांनीं निराळी गोष्ट दाखविली. सुमारें एक मीटर खोलीखालीं काळी माती फारशी फुगत नाहीं. आणि तिला आवरण्याचें काम वरच्या थराचें केवळ वजन करीत नसून त्याच्या कणांचा परस्पर चिकटपणा करतो, असें त्यांचें प्रतिपादन होतें. म्हणून वरची काळी माती काढून तेथें चिकट पण न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा थर दाबून बसवावा, ही रीत त्यांनीं सांगितली. ह्या विषयावरील त्यांचें व्याख्यान 1979 सालीं प्रसिद्ध झालें. कालव्यांच्या अस्तराखालीं ही रीत विशेष रूढ झाली. नुसती रेती येथें उपयोगी नाहीं. तिला चिकटपणा नसतो, व ती पाणी आंत घेते.

सबंध मीटर खोदणें जेथें झेपत नाहीं, तेथें चुन्याचा उपाय आहे. कोरड्या मातीच्या वजनाच्या शेकडा 3 ते 6 चुना मिसळला असतां कण गोळा होऊन फुगणें कमी होतें, व पुढें माती हळूहळू घट्ट होत जाते. मात्र ढेकळें अगदीं बारीक फोडावीं, मिश्रण दाबून कांहीं दिवस ओलसर ठेवावें, आणि चुन्याचें प्रमाण मातीची परीक्षा करवूनच ठरवावें.

परंतु ह्या दोन्ही उपायांत दोहों बाजूंस चर हवेतच. महसूल खात्यांतील आमच्या नोकरींत आम्हीं पाहिलें कीं, पाणंदीचा तंटा बहुधा दोन हात पट्टीवरून होतो. ती पट्टी वांचविणारा शेतकरी चराचें पाणी रस्त्याच्या पोटांत सोडतो, आणि मग उसाची गाडी रुतली म्हणजे सर्वांसह स्वतःही नुकसान सोसतो. म्हणून पुढील वर्गणी काढण्यापूर्वीं चराची जागा सर्वांच्या संमतीनें आंखून कागदावर घ्यावी. मुरूम त्यानंतर आणावा.