पन्नास विजयांचा क्वार्टरबॅक, नापसंत खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक

५० विजय आणि अवघे ३ पराभव. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात क्वार्टरबॅक म्हणून इतके सामने केलेन मूरपूर्वी कोणीही जिंकून दिले नव्हते. आयडाहो राज्यातील बॉइसी स्टेट विद्यापीठाकडून २००८ ते २०११ या चार हंगामांत या डावखुऱ्या खेळाडूने १४२ टचडाउन पासेस दिले. जे तीन सामने गमावले, त्यांतील गुणांचा फरक अनुक्रमे एक, तीन आणि पुन्हा एक. म्हणजे चार वर्षांतील सारे अपयश मिळून पाच गुणांचे!

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळायचा खेळ येतो. अमेरिकेतील हा खेळ मात्र प्रामुख्याने हातांचा. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो दूर फेकायचा, धावणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतःच घेऊन पळायचे, याचा निर्णय दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्ध्यांचे धिप्पाड गडी अंगावर चालून आलेले असतात. मूरची खरी ताकद प्रतिस्पर्ध्यांची व्यूहरचना आधीच ओळखण्यात होती. वडील शालेय संघाचे प्रशिक्षक. हे बाळकडू घरातच मिळालेले.

व्यावसायिक संघांना ते पुरेसे वाटले नाही. उंची सुमारे सहा फूट, म्हणजे या जागेसाठी बेताचीच. फेकीतही फारसा जोर नाही. २०१२ च्या वार्षिक निवडीत २५३ खेळाडूंना संघ मिळाले, त्यांत मूरचे नाव नव्हते. शरीराच्या मोजमापावर एवढा भरवसा ठेवणाऱ्या निवडकर्त्यांची कीव येते खरी. परंतु निकाल त्यांच्याच बाजूने लागला, हेही मान्य करावे लागेल. डेट्रॉइट लायन्सने नंतर त्याला करारबद्ध केले. पण एकाही अधिकृत सामन्यात उतरवले नाही. २०१५ च्या हंगामात डॅलस काउबॉइजसाठी सुरुवातीपासून खेळलेले दोन्ही सामने तो हरला. २०१६ मध्ये सरावात पाय मोडला आणि त्याची जागा डॅक प्रेस्कॉट या नवोदिताने घेतली.

पुढे २०१८ मध्ये मूर त्याच प्रेस्कॉटचा प्रशिक्षक झाला! वर्षभरातच काउबॉइजच्या आक्रमणाची सूत्रे त्याच्याकडे आली. २०१९ च्या हंगामात यार्ड मिळविण्यात हा संघ लीगमध्ये अव्वल ठरला. मैदानावर कमी पडलेला हात आता आड येत नव्हता. चाली त्याच्या, फेक दुसऱ्याची.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये झालेला सुपर बोल फिलाडेल्फिया ईगल्सने ४०-२२ असा जिंकला, तेव्हा त्यांच्या आक्रमणाची आखणी मूरचीच होती. दोनच दिवसांनी त्याच शहरातील सेंट्स संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. वय ३६. हाती आलेला संघ आदल्या हंगामात १७ पैकी १२ सामने हरलेला, आणि मे महिन्यात अनुभवी क्वार्टरबॅक डेरेक कार यानेही निवृत्ती जाहीर केली.

हंगामाची सुरुवात सलग चार पराभवांनी झाली. महाविद्यालयात चार वर्षांत मिळून हरला, त्याहून एक सामना अधिक. तोही पहिल्याच महिन्यात. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सला २६-१४ असे हरवून मुख्य प्रशिक्षक मूरने पहिला विजय नोंदविला.