अ‍ॅरेमधील मूल्य आणि ऑब्जेक्ट यांची पारख : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आकार, मिती आणि खोली या तीन मापांचा परिचय करून घेताना आपण पाहिले की, केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या आणि १९६६ साली आयबीएमच्या संगणकावर प्रत्यक्ष चालू झालेल्या एपीएल या भाषेत एकटा अंक आणि लक्षावधी अंकांची सारणी यांच्यात जातीचा भेद मानलेला नाही. एकटा अंक हीसुद्धा शून्य मितीची अ‍ॅरेच होय. हे ऐक्य हा या भाषेचा सर्वांत मोठा गुण आहे, असे माझे मत आहे. कारण त्यामुळे एका अंकासाठी लिहिलेला हुकूम अक्षरही न बदलता लक्ष अंकांना लागू पडतो.

या एकात्म व्यवस्थेत ऑब्जेक्टचा प्रवेश बराच उशिरा झाला. डायलॉग एपीएल या आज प्रचारात असलेल्या शाखेने आधी नेमस्पेस, म्हणजे अनेक नावे व त्यांची मूल्ये एकत्र सांभाळण्याची सोय, आणि पुढे २००६ सालच्या अकराव्या आवृत्तीत क्लास व त्यांपासून निर्माण होणारे ऑब्जेक्ट भाषेत दाखल केले. हे करताना जुन्या ऐक्याला धक्का लागू नये म्हणून असे ठरले की, ऑब्जेक्ट स्वतः अ‍ॅरेत बसत नाही, तर त्याच्याकडे निर्देश करणारा संदर्भ बसतो, आणि हा संदर्भ अंक व अक्षर यांच्याच पंक्तीतला एक साधा अदिश मानावा. परिणाम असा की, सात या अंकाचा आकार रिक्त, मिती शून्य आणि खोली शून्य. ‘क’ या अक्षराचेही तसेच. आणि ज्याच्या पोटात शंभर नावे व हजारो मूल्ये आहेत अशा नेमस्पेसच्या संदर्भाचेही नेमके तसेच. ज्या तीन मापांवर आपण आजवर विसंबलो, ती तिन्ही येथे मूक राहतात.

वस्तुतः भेद मापात नसून नकलेच्या वर्तनात आहे. तीन अंकांची अ‍ॅरे एका नावाखाली ठेवून ती दुसऱ्या नावास दिली आणि दुसऱ्या नावाखालचा एक अंक बदलला, तर पहिली अ‍ॅरे जशीच्या तशी राहते. नेमस्पेसच्या बाबतीत मात्र दुसऱ्या नावाने ‘दर’ बदलला की पहिल्या नावानेही तोच बदललेला दर दिसतो. सातबाराचे उतारे कितीही काढले तरी शेत एकच राहते, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच समान चिन्हाने दोन अंकांची तुलना केली असता त्यांचे मूल्य पाहिले जाते, तर दोन संदर्भांची तुलना केली असता ते एकाच ऑब्जेक्टकडे जातात की काय, एवढेच पाहिले जाते. आतला तपशील तंतोतंत जुळला तरी वेगळ्याने निर्माण झालेले दोन नेमस्पेस समान ठरत नाहीत.

यातून उद्भवणारी एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते. तीन ग्राहकांसाठी तीन नेमस्पेस हवे म्हणून रिक्त नेमस्पेस निर्माण करून त्याला ‘तीन वेळा’ असा पुनर्रचनेचा हुकूम दिला, तर लांबी तीन असलेली अ‍ॅरे मिळते खरी, परंतु तिचे तिन्ही घटक एकाच नेमस्पेसचे संदर्भ असतात आणि तिसऱ्या ग्राहकाचे नाव लिहिताच पहिल्या दोघांची नावेही तीच होतात. अशा अ‍ॅरेतील निरनिराळे घटक वेचून त्यांची मोजदाद केली तर उत्तर एक येते, आणि चूक उघडकीस येते. खरा उपाय असा की, पुनरावृत्ती निर्मितीच्या हुकमाची करावी, त्याच्या फळाची नव्हे.

आता पारख कशी करावी? क्वाड-एनसी हे अंगभूत फंक्शन नावाचा वर्ग सांगते : साधे चल असेल तर २, फंक्शन असेल तर ३, ऑपरेटर असेल तर ४ आणि ऑब्जेक्टचा संदर्भ असेल तर ९. नाव वेष्टित करून विचारले तर उत्तर अधिक सूक्ष्म मिळते; नेमस्पेसला ९.१, क्लासपासून झालेल्या ऑब्जेक्टला ९.२, खुद्द क्लासला ९.४. परंतु हे फंक्शन दाखला देते तो नावाचा, आणि दहा संदर्भांची अ‍ॅरे एका नावाखाली असेल तर त्या नावाचा वर्ग २ असाच येतो. तेव्हा प्रश्न घटकागणिक विचारला पाहिजे. जॉन स्कोल्स यांनी या भाषेत आणलेल्या महिरपी कंसांच्या फंक्शनमध्ये उजवीकडून येणाऱ्या मूल्यास ओमेगा म्हणतात. त्या ओमेगाचाच वर्ग विचारून तो ९ आहे काय एवढे पाहणारे इवलेसे फंक्शन, ‘प्रत्येकी’ या चिन्हाच्या साहाय्याने अ‍ॅरेवर चालवले, की प्रत्येक घटकासाठी एक किंवा शून्य मिळते. क्वाड-डीआर हे दुसरे फंक्शन साठवणीचा प्रकार सांगते, बुलियनला ११, लहान पूर्णांकाला ८३, दशांश संख्येला ६४५ असे. संदर्भाला ते ३२६ म्हणते, पण अ‍ॅरेच्या पोटात अ‍ॅरे असली तरीही ३२६च म्हणते, म्हणून एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

इतर भाषांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. आयव्हर्सन यांनीच रॉजर हुई यांच्यासह १९९० साली सिद्ध केलेल्या ‘जे’ या भाषेत नव्या ऑब्जेक्टचा निर्देश पेटीबंद मजकुराच्या रूपाने हाती येतो. पेटीबंद मजकूर अन्यत्रही असतोच, त्यामुळे प्रकार विचारून काही कळत नाही, विद्यमान लोकेलांची, म्हणजे त्या भाषेतल्या नेमस्पेसांची, यादी मागवून तीत तो निर्देश आहे काय हे पाहावे लागते. मार्शल लॉकबाम यांच्या २०२० सालच्या बीक्यूएन भाषेने अंक ही अ‍ॅरे नव्हे असे प्रारंभीच जाहीर केले आणि अ‍ॅरेला ०, अंकाला १, अक्षराला २, नेमस्पेसला ६ असे प्रकार नेमून दिले. स्पष्टतेच्या दृष्टीने ही व्यवस्था मला सर्वांत प्रशस्त वाटते.

या साऱ्याची खरी निकड भासते ती बाहेरून आलेला मजकूर वाचताना. क्वाड-जेसन हे फंक्शन जेसन स्वरूपातल्या मजकुरातील याद्यांच्या अ‍ॅरे आणि ऑब्जेक्टांचे नेमस्पेस करून देते. त्यातून तळापर्यंत उतरत जाणारे फंक्शन लिहिताना ‘खोली शून्य झाली की थांबावे’ असा नियम घातला, तर प्रत्येक नेमस्पेस तळाचा शेवटचा घटक समजून वगळला जातो, आणि कोणतीही त्रुटी न दाखवता निम्मा मजकूर नजरेआड होतो. म्हणून आधी ‘हा ऑब्जेक्ट आहे काय’ हे विचारावे व असल्यास त्यातील नावांची यादी घेऊन एकेकात उतरावे; खोलीचा प्रश्न त्यानंतर.

जेसनमधून आलेल्या रचनेत हे पुरेसे आहे. आपण स्वतः बांधलेल्या रचनेत मात्र मुलाच्या नेमस्पेसमध्ये पालकाचा संदर्भ असू शकतो, आणि मग खाली उतरणारे फंक्शन पुन्हा वर येऊन अविरत फिरत राहते. निव्वळ मूल्यांच्या अ‍ॅरेत हे कधीच घडत नाही, कारण कोणतीही अ‍ॅरे स्वतःलाच स्वतःचा घटक करून घेऊ शकत नाही. ऑब्जेक्टांत उतरताना म्हणून भेट दिलेल्या संदर्भांची नोंद सोबत बाळगावी, आणि नवा संदर्भ तीत आढळला तर तेथूनच परतावे. ही नोंद फंक्शनच्या डाव्या बाजूने कशी पुढे सोपवत न्यावी, ते पुढील लेखांकी पाहू.