दहावा माणूस

पुण्यात मोलेदिना रस्त्यावरचं लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, हे कॅम्पातून रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी जणांच्या गावीही नसतं. लाल विटांची गॉथिक बांधणी आणि सुमारे 90 फूट उंचीचा मनोरा पाहून लोक त्याला चर्चच समजतात. त्याचं खरं नाव ओहेल डेव्हिड सिनेगॉग. बगदाद सोडून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी 1863 मध्ये ते बांधायला घेतलं. 1867 मध्ये काम पुरं झालं, पण ते पाहायला ससून नव्हते. 1864 मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं आणि त्याच आवारात त्यांची कबर आहे. ससून रुग्णालयही त्यांच्याच दानातून उभं राहिलं, त्यामुळे निदान त्यांचं आडनाव तरी पुण्यात सर्वांच्या तोंडी आहे.

मात्र इमारत कितीही देखणी असली, तरी तिथली सामुदायिक उपासना माणसांवाचून अडते. परंपरेप्रमाणे त्यासाठी वयात आलेले किमान दहा पुरुष लागतात. याला मिनियान म्हणतात. नऊ जण जमले, तर ते आपापली प्रार्थना करू शकतात. पण तोरा या धर्मग्रंथाची पोथी काढून तिचं जाहीर वाचन करायचं, तर दहावा यावाच लागतो. तो विद्वान असावा, श्रीमंत असावा, अशी अट नाही. त्याने यायचं, एवढंच. मला या धर्माचा सगळा जीवनविचार या साध्या नियमात दिसतो. आपल्या असण्याने दुसऱ्या कुणाचं काही अडायचं थांबतं का, हा प्रश्न तो दर शनिवारी विचारतो.

वाचनाचा तो प्रसंग पाहण्यासारखा असतो. भारतातून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून पोथ्यांचा कोनाडा, म्हणजे हेखाल, पश्चिमेच्या भिंतीत असतो. त्याचा पडदा सरकवून सेफेर तोरा, म्हणजे तोराची पोथी, बाहेर काढतात. बगदादी आणि कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या रिवाजात ती गोल, उभ्या पेटीत असते. मधल्या चौथऱ्यावर नेऊन पेटी उघडली, की चर्मपत्राची गुंडाळी उभीच राहते आणि तशीच वाचतात. हाताने लिहिलेला हिब्रू मजकूर, त्यात स्वरचिन्हं नाहीत, आणि अक्षराला बोट लावायचं नाही. ओळ दाखवायला चांदीची कांडी असते. वाचणाऱ्याला सूर आणि उच्चार आधीच मुखोद्गत लागतात. शनिवारी सात जणांना एकामागून एक पुढे बोलावतात.

रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग 1921 मधलं. ते बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’च्या वंशजांचं. त्यांची आडनावं गावांवरून पडलेली, घरची बोली मराठी. फौजेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागून ही मंडळी घाटावर आली. 1874 मध्ये पुण्यातच हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एक हगादा छापली गेली. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट आपल्याच घरची आहे, हे आणखी कसं सांगायचं!

घरातली उपासना तर मला सिनेगॉगइतकीच मोलाची वाटते. बेने इस्रायलांचा मलिदा हा विधीच घ्या. त्याच्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचं नाव घेऊन आभार मानायचे. लग्न असो, नवस फेडायचा असो, की नवं घर, मलिदा हवाच. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीतून आलेल्याला दुसरं, सुगंधाला तिसरं. घास तोंडात जाण्याआधी तो कुठून आला, हे म्हणायचं. इतकं सावध जगणं रोज जमणं कठीण आहे. निदान ताटासमोर तरी ते जमावं, अशी ही योजना आहे.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. पुण्यात आता मोजकी घरं उरली आहेत, त्यामुळे दहा जण जमवायचे तर फोनाफोनी आलीच. याची झळ सर्वांत जास्त लागते ती सुतकातल्या माणसाला. आई-वडील गेल्यावर मुलगा अकरा महिने कद्दिश म्हणतो. त्या प्रार्थनेत मरणाचा उल्लेखही नाही, ईश्वराची थोरवी आहे, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. ‘आमेन’ म्हणणारे सोबत लागतात. म्हणून कामधंदा सोडून कुणीतरी मुद्दाम येतं. मेलेला त्याच्या ओळखीचा असेलच असं नाही.

दुसऱ्या माणसाचं हेच मोल योम किप्पुरलाही दिसतं. जुनी मंडळी ज्याला दारफाळणीचा सण म्हणत, तो हा उपासाचा आणि क्षमायाचनेचा दिवस. ईश्वराविरुद्धचं पाप त्या दिवशी माफ होतं. शेजाऱ्याला दिलेला त्रास मात्र नाही. आधी त्याच्याच दारात जाऊन समजूत काढायची, असा मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातला दंडक आहे. उपास सुटल्यावर दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांच्या घरी जायचं, असा बेने इस्रायलांचा जुना शिरस्ता.