अणूच्या बेरजेत हरवलेले वजन

उसाचे वजन टनांत होते, साखरेचे किलोत आणि मंगळसूत्राच्या सोन्याचे ग्रॅममध्ये. ज्याचे वजन करायचे त्याला शोभेल असेच माप आपण घेतो. मग अणूला कोणते माप लावावे? ग्रॅम तर त्याच्यापुढे डोंगर! म्हणून शास्त्रज्ञांनी एक चिमुकले माप ठरवले. त्याचे नाव अणुवस्तुमान एकक. ते ‘यू’ या अक्षराने लिहितात. कार्बन-१२ या जातीच्या एका अणूचे वस्तुमान बारा सारख्या वाट्यांत विभागले, तर त्यातला एक वाटा म्हणजे एक यू. असे किती यू मिळून एक ग्रॅम होतो? ६०२२ लिहून पुढे २० शून्ये मांडावीत, साधारण तितके.

हे माप सुखासुखी ठरलेले नाही. पूर्वी ऑक्सिजनला सोळा धरून हिशेब चाले. परंतु १९२९ साली ऑक्सिजनच्या अणूला जड भावंडेही आहेत असे आढळले. मग पदार्थविज्ञानवाल्यांनी फक्त हलक्या जातीला सोळा धरले आणि रसायनवाल्यांनी हवेतल्या मिश्रणाला. फरक दहा हजारांत जेमतेम पावणेतीन भागांचा. पण एकाच बाजारात दोन शेर चालावेत तसा हा प्रकार झाला. अखेर १९६० व १९६१ मध्ये दोन्ही पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघांनी कार्बन-१२ मान्य केला व तंटा मिटला.

आता कणांची वजने पाहू. प्रोटॉन १.००७२८ यू, न्यूट्रॉन १.००८६६ यू आणि इलेक्ट्रॉन अवघा ०.०००५५ यू. म्हणजे एका प्रोटॉनला तोलायला सुमारे १८३६ इलेक्ट्रॉन लागतील. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड आहे. म्हणूनच अणूबाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत फुटून प्रोटॉन होतो. हेच उलटे असते, तर हायड्रोजन टिकला नसता, आणि हायड्रोजन नाही तर पाणीही नाही.

कार्बन-१२ मध्ये हे तिन्ही कण सहा-सहा असतात. वाचकांनी स्वतः बेरीज करून पाहावी. उत्तर १२.०९८९ येते. पण अणूचे वस्तुमान तर बरोबर १२! मग ०.०९८९ यू गेले कुठे?

ते चोरीला गेलेले नाही. कण एकमेकांना घट्ट बिलगतात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढे वस्तुमान कमी होते. आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेला नियम तो हाच. कण पुन्हा सुटे करायचे झाल्यास तेवढी ऊर्जा परत भरावी लागते.

१९२० च्या सुमारास केंब्रिजच्या ॲस्टन यांना असे आढळले, की हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हलका भरतो. ही तूट शेकडा ०.७ इतकी आहे. त्यावरून एडिंग्टन यांनी त्याच वर्षी सुचवले, की सूर्याची भट्टी याच तुटीवर चालत असावी. ते खरे ठरले. सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान उजेडाच्या रूपाने उधळतो, आणि आपल्या शेतातला ऊस त्यावरच वाढतो.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी एक सांगून ठेवतो. तक्त्यात कार्बनपुढे १२ नव्हे, १२.०११ छापलेले दिसेल. ती छपाईची चूक नव्हे. निसर्गातल्या कार्बनमध्ये शंभरात सुमारे एक अणू कार्बन-१३ चा असतो; ती सरासरी आहे.