पानझडी रानाचा हिशेब

उष्णकटिबंधीय जंगल म्हटलं की धो धो पाऊस आणि वेलींचं जाळं डोळ्यांपुढे येतं. जयपूर कुणाला आठवत नाही. वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहराभोवती, झालाना, नाहरगढ, जमवा रामगढच्या टेकड्यांवर जे रान आहे, तेही उष्णकटिबंधीयच. फक्त शुष्क पानझडी प्रकारातलं. मे महिन्यात ते मेल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात पाणी वाचवायला त्यानं पानं टाकलेली असतात.

सागवान देत नाही ते रान कुचकामी, हा समज याहून महागात पडतो. इथला मुख्य वृक्ष धोक, आपल्याकडच्या धावड्याचा भाऊबंद. त्याचा पाला शेळ्या आवडीनं खातात, लाकूड चुलीत छान जळतं. सतत चरला गेला की धोक जमिनीलगत झुडपासारखा पसरतो; राखला तर पुन्हा उभा राहतो. बाजरी बुडालेल्या वर्षी घर तगतं ते गोठ्यावर, आणि गोठा बराचसा या पाल्यावर. असा हिशेब लाकडाच्या लिलावात कुठून दिसणार?

पाण्याचंही तेच. जयपूरच्या ईशान्येला, अलवर जिल्ह्यातल्या भांवता-कोल्याला गावानं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुण भारत संघ या संस्थेच्या साथीनं जोहड, म्हणजे मातीचे बांध, घातले आणि डोंगरावरची तोडही बंद केली. दोन्ही कामं एकमेकांवाचून अपुरी होती: उतार उघडा राहिला तर जोहड गाळानं भरतो, झाडी असली तर माती वरच थांबते आणि अडलेलं पाणी मुरून विहिरींना मिळतं. १९९०च्या दशकात अरवरी नदी पुन्हा वाहू लागली. २००० साली राष्ट्रपती के. आर. नारायणन गावात जाऊन गावकऱ्यांचा गौरव करून आले. खोऱ्यातल्या गावांच्या ‘अरवरी संसदे’नं तर उसासारख्या तहानलेल्या पिकांना मनाई केली. महाराष्ट्रात असा ठराव कोण मांडेल?

दिसेल ते हिरवं म्हणजे जंगल, असंही नाही. मूळ अमेरिका खंडातली विलायती बाभूळ राजस्थानात बेसुमार पसरली आहे. तिच्या शेंगा जनावरं खातात, पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. खाली गवतही धड वाढत नाही.

माणसं हटवली की रान वाचतं, या समजाला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं उत्तर दिलं आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव स्वतः बांबू विकू लागलं.

राजस्थानात रान कुणाच्या हाती, हा प्रश्न सध्या ओरणांभोवती, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांभोवती, फिरतो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचा आदेश दिला. खाणी आणि अतिक्रमणांपासून संरक्षण म्हणून त्याचं स्वागत झालं. तरी काही गावांना धास्ती आहे, ती चराईची: वनखात्याचा फलक लागल्यावर शेळ्या आत सोडता येतील का?