बडोद्याची राजाज्ञा आणि तिची सीमा

धुळे-जळगावचा बहुतांश खानदेश 1818 पासून थेट इंग्रजी अमलाखाली असल्याने संस्थानी राजवट ही येथील जनतेला शेजारची गोष्ट होती. तथापि आधुनिक काळाला धीटपणे सामोरा गेलेला एक राजा याच भूमीतला आहे. मालेगावजवळील कवळाणे हे गाव 1869 मध्ये नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत खानदेशातच मोडत असे. तेथील शेतकरी कुटुंबात 1863 मध्ये जन्मलेले गोपाळराव 1875 मध्ये बडोद्यास दत्तक गेले व सयाजीराव गायकवाड झाले. इंग्रजांनी मल्हाररावांस नुकतेच पदच्युत केले होते. गादी जाऊही शकते, हे त्या बारा वर्षांच्या मुलासमोर उघड होते.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात असे सांगितले आहे की, राजाचे चक्ररत्न वडिलोपार्जित मिळत नाही, ते कर्तव्याने मिळवावे लागते. पुढे एक राजा निर्धनांना धन देण्याचे विसरतो. दारिद्र्यातून चोरी उद्भवते. तो पकडलेल्या चोराला धन देतो, आणि चोऱ्या अधिकच वाढतात. एकट्यादुकट्यास केलेले दान राज्यव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

सयाजीरावांना हे उमगले होते. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893 मध्ये अमरेलीत केला व 1906 मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. अस्पृश्यांच्या शाळांसाठी मात्र सवर्ण शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पालीच्या अभ्यासकांवरही या राजाचे ऋण आहे. धर्मानंद कोसंबींनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे म्हणून 1908 मध्ये त्यांनी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले. कलकत्त्यास कोसंबींना याहून कितीतरी अधिक वेतन होते, ते त्यांनी सोडले.

1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले; मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. 1917 मध्ये ते सेवेत रुजू होण्यास आले. त्यांना स्थानकावर उतरवून घ्यावे, अशी महाराजांची आज्ञा होती. कोणीही गेले नाही. शहरात जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला.

शाळा, ग्रंथालये, कायदे हे सारे राजाज्ञेने उभे राहिले, कारण ते कारकुनांकरवी राबविता येत होते. येथे ती आज्ञा ज्यांनी पाळावयाची, त्या कारकुनांचीच जात आड आली. राजाच्या सद्हेतूविषयी आम्हांस शंका नाही. बाबासाहेबांनी महाराजांकडे दाद मागितली; महाराजांनी प्रकरण दिवाणांकडे सोपविले, आणि दिवाणांनी असमर्थता कळविली.